मशीनला मोमिनाबाद ठाऊक नाही

परवा सकाळी माझा ज्युनियर म्हणाला, "सर, आपल्या पक्षकाराचं घराणं इसवी सन १३५८ पासून जमिनीच्या ताब्यात आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. जमीन अंबाजोगाई तालुक्यातली, सहा एकर आणि वर काही गुंठे. वाद कुळाच्या नातवाचा आणि मालकाच्या नातवांचा. १३५८ साली इकडं बहामनी सुलतानांचा अंमल होता आणि आमचे संतकवी दासोपंत जन्माला यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षं होती. एवढा जुना ताबा सिद्ध होणार असता तर मी पुरातत्त्व खात्यालाच पार्टी केलं असतं.

पोरगा हुशार आहे, घाबरला नाही. लॅपटॉप माझ्याकडं वळवला. तहसीलमधून काढलेल्या नकलांचे फोटो त्यानं एका एआयला दिले होते आणि तारीखवार घटनाक्रम मागितला होता. अर्ध्या मिनिटात तक्ता तयार. नीटनेटका, शुद्धलेखनाची चूक नाही, आणि पहिल्याच ओळीत बहामनी काळ.

साल फसली होतं. निजामाच्या दफ्तरात फसली साल लिहायचे, त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९, पोलीस अ‍ॅक्शननंतरचं पहिलं साल. जहागिरी खालसा करणाऱ्या कायद्याच्या नावातसुद्धा '१३५८ फसली' असंच आहे. आमच्याकडं जमिनीची कामं करणाऱ्या कुठल्याही मुन्शीला, म्हणजे वकिलाच्या कारकुनाला, हे झोपेतून उठवून विचारा. पण मुन्शीला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं, आणि त्यानंही कुठं लिहून ठेवलेलं नसतं. मशीनला कळणार कुठून?

तक्त्याच्या खाली एआयनं कायदाही सांगितला होता. कलम ३२-ग, कृषक दिन १ एप्रिल १९५७, त्या दिवशी कूळ मालक झालं, आता ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र तेवढं काढा. ऐकायला छान. पुण्या-साताऱ्याच्या कोर्टात बरोबरही. तो १९४८ चा मुंबई कूळ कायदा, आपल्याला तो लागूच नाही. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तो स्वतःचे कायदे पाठीवर घेऊनच. आमच्याकडं १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा चालतो. संरक्षित कूळ, त्याला मालकी देणारं कलम ३८-ई, त्याचं प्रमाणपत्र हे सगळं त्यातलं. विदर्भाचा आणखी तिसरा, १९५८ चा. एका राज्यात कुळांचे तीन कायदे आहेत, हे नव्या वकिलांनाही पटत नाही. मशीनचा महाराष्ट्र तर नगर ओलांडलं की संपतो.

आणि तिसरी गंमत. आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी त्यानं एक निकाल दिला होता. रिपोर्टरचं, म्हणजे छापील निकालसंग्रहाचं, वर्ष, खंड, पान, पक्षकारांची नावं, सगळं. मी उठलो, कपाटातून तो खंड काढला, धूळ झटकली, पान उघडलं. त्या पानावर एका नगरपालिकेचा जकातीचा वाद होता. आम्हाला दिलेल्या नावांचा निकाल त्या खंडाच्या सूचीत नाही, मागच्या-पुढच्या वर्षांतही नाही. तो कुठंच नाही.

हे आता जगभर होतंय. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले अर्धा डझन निकाल कोर्टापुढं ठेवले. ते निकाल सापडेनात तेव्हा न्यायाधीशांनी प्रती मागितल्या, तर वकिलांनी त्याही मशीनकडूनच लिहून घेऊन दिल्या. पाच हजार डॉलर दंड झाला. मला दंडापेक्षा ती दुसरी पायरी जास्त भीतिदायक वाटते. चूक झाल्यावर माणूस पुन्हा त्याच मशीनकडं खात्री करायला गेला. आमच्या गावात म्हणतात तसं, चोरालाच विचारलं की चोरी झाली का.

केरळ हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं: निष्कर्ष, दिलासा, आदेश ठरवायला एआय वापरायचं नाही, आणि मान्यता नसलेल्या साधनांत कोर्टाची कागदपत्रं भरायची नाहीत. दुसऱ्या भागावर आमच्या बारमध्ये, म्हणजे वकील संघात, कुणी बोलत नाही. पक्षकारानं वकिलाला विश्वासानं सांगितलेलं गुप्त ठेवायचं, हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता साक्ष अधिनियमाच्या १३२ मध्ये आहे. नकला सार्वजनिक असतात, त्या टाकल्या तर टाकल्या. पण पक्षकाराशी झालेलं बोलणं, घरातली भांडणं, वाटणीचे कच्चे कागद आपण कुठल्या सर्व्हरवर पाठवतोय हे ज्युनियरला माहीत नव्हतं. मलाही नाही. म्हणून माझ्या ऑफिसात ते बंद केलं.

एवढं वाचून कुणाला वाटेल, हा जुना वकील कुरकुरतोय. तसं नाही. औरंगाबादला माणिकचंद पहाडे लॉ कॉलेजात शिकून मी इथं आलो तेव्हा एआयआरचा, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहाचा, पूर्ण संच गावात दोघांकडं होता. एक बार लायब्ररीत, त्यातले काही खंड कायम कुणाच्या तरी घरी. दुसरा माझ्या सिनियर साहेबांकडं. साहेब मोठ्या मनाचे, पण खंड बाहेर नेऊ देत नसत. संध्याकाळी सात ते नऊ त्यांच्या बैठकीत बसून वहीत उतरवून घ्यायचं. समोरच्या वकिलाकडं पुस्तक आहे आणि आपल्याकडं नाही, एवढ्यावर दावे हरलेले मी पाहिलेत.

२००८ मध्ये इंडियन कानून नावाची साइट आली आणि निकाल फुकट शोधता यायला लागले. इथं नेट बरं चालायला लागेपर्यंत आणखी काही वर्षं गेली ते सोडा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःचा अधिकृत रिपोर्टरच ई-एससीआर म्हणून सगळ्यांना खुला केला. आज शेजारच्या केजच्या पहिल्या वर्षाच्या वकिलाकडं जे आहे ते माझ्या साहेबांकडं आयुष्यभर नव्हतं. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी मोबाइलवर, रोजनामा मोबाइलवर. खटल्याचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख पक्षकाराला माझ्याआधी कळते. पूर्वी तारीख सांगणं ही मुन्शीची सत्ता होती, ती गेली. बरं झालं.

फक्त वाचण्याची तऱ्हा बदलली. एक निकाल शोधताना आम्ही वाटेत चार भलतेच वाचायचो आणि ते वर्षभरानं उपयोगी पडायचे. आता सर्च थेट परिच्छेदावर नेऊन उभं करतो. ज्युनियर तेवढाच परिच्छेद कॉपी करतो, त्याच्या वर काय होतं बघत नाही. मागच्या वर्षी एकानं भर कोर्टात सुप्रीम कोर्टाचा उतारा वाचला, आवाज चढवून. न्यायाधीश बाईंनी शांतपणे विचारलं, "वकीलसाहेब, वरचा परिच्छेद वाचा ना." वर लिहिलं होतं, 'अपीलकर्त्याच्या वकिलांनी असा युक्तिवाद केला की'. म्हणजे ते हरलेल्या बाजूचं म्हणणं होतं. कोर्टानं ते खाली चार पानांत खोडून काढलं होतं.

आता जालन्याकडं येतो. डिजिटल पुराव्यावर देशात सतत उद्धृत होणारा एक निकाल मराठवाड्यातून गेलाय, आणि हे आमच्या कॉलेजच्या पोरांना सांगितलं की ती चकित होतात. २०१४ ची विधानसभा. अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबर, दुपारी तीन वाजेपर्यंत. निकालातलं अंतर अवघं २९६ मतांचं. हरलेल्या बाजूचं म्हणणं, विजयी उमेदवाराचे अर्ज तीननंतर आले. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण इलेक्ट्रॉनिक प्रतीला लागणारं पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० ला 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' हा निकाल आला. तोवर ती विधानसभा संपून पुढची बसली होती.

कोर्टानं सांगितलं ते थोडक्यात असं. मूळ यंत्रच साक्षीदारानं पिंजऱ्यात आणून दाखवलं तर प्रमाणपत्र नको. प्रत दाखवायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. ते दुसऱ्याच्या हातात असेल, तुम्ही सगळे प्रयत्न केले आणि तरी मिळालं नाही, तर कायदा अशक्य गोष्ट करायला सांगत नाही. मागं राहिलेलं प्रमाणपत्र खटला संपायच्या आत देऊ देणं कोर्टाच्या हातात. पाटण्यापासून कोचीपर्यंत सीसीटीव्हीचा, कॉल रेकॉर्डिंगचा वाद निघाला की जालन्याचं नाव निघतं. एआयला विचारा, हा निकाल त्याला तोंडपाठ आहे, कारण त्यावर हजारोंनी लिहिलंय. ३८-ई वर किती जणांनी लिहिलं?

आता हाच निकाल माझ्या अंगावर कसा आला ते सांगतो. केजकडचे एक मामा, माझे पक्षकार. शेजाऱ्यानं पावसाच्या तोंडावर ट्रॅक्टर घालून धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडला, मामांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. एक मिनिट चाळीस सेकंद, त्यात वीस सेकंद आभाळ. दावा २०२४ च्या दिवाळीनंतरचा, म्हणजे १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाखाली. जुन्या ६५-ब च्या जागी आता कलम ६३.

मी मामांना म्हणालो, सोपा रस्ता आहे, मोबाइलच कोर्टात दाखवू. निशाणी पडली, म्हणजे पुरावा म्हणून त्याची नोंद झाली, तर काही दिवस तो कोर्टाकडं राहील.

"कामून?" मामा एकदम खुर्चीवरून उठले. "मोबाइल कोर्टात ठिवला तर पीक पाहणी कशावर करू मी? विम्याचं काय? पोरीच्या फीचे पैसे कशावरून टाकू?"

त्यांचं बरोबर होतं. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची. मामांचा मोबाइल म्हणजे त्यांचा तलाठी, त्यांची बँक आणि पोरीचं कॉलेज. मग पेनड्राइव्ह आणि प्रमाणपत्र.

नव्या कायद्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ मध्ये पक्षकार सही करतो, भाग ब मध्ये तज्ज्ञ. तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, यावर बार रूममध्ये दोन तट आहेत आणि चहा संपला तरी वाद संपत नाही. आम्हाला लातूरला एक जण मिळाला. भाग अ मध्ये यंत्राची कंपनी, मॉडेल, आयएमईआय नंबर आणि रंग लिहायचा असतो. रंगावर मामा अडले. "कव्हर लाल हाये, काढलं तर निळा. काय लिहिता?" निळा लिहिला.

मग हॅश. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फाइल एका गणितातून काढली की एक लांबलचक आकडा येतो. एसएचए-२५६ पद्धतीत चौसष्ट खुणांचा. फाइलमध्ये टिंबाएवढा बदल केला तरी सगळा आकडा बदलतो, म्हणून पेनड्राइव्हमधली फाइल मोबाइलमधलीच आहे हे त्यावरून दाखवता येतं. कल्पना सुंदर आहे. पूर्वी लाखेवर पितळी शिक्का मारायचो, त्याचंच काम हे करतं.

लातूरच्या माणसानं आकडा छापून दिला. आमच्या कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं तो कागदावरून बघून प्रमाणपत्रात टाइप केला, कॉपी-पेस्ट करायला कागद काही कॉम्प्युटरमध्ये नव्हता. मामांनी सही केली. चौसष्ट खुणा कोण तपासतो?

तपासल्या त्या समोरच्या वकिलांनी. बारमधले सगळ्यात ज्येष्ठ, वय पंचाहत्तरच्या पुढं, अजून शाईच्या पेननं लिहितात. मला वाटलं होतं, हे हॅशच्या नादाला लागणार नाहीत. उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, सतराव्या जागेवर इंग्रजी ओ आहे. ह्या आकड्यात ओ येतच नाही. शून्य ते नऊ आणि ए ते एफ, एवढंच येतं." शून्याच्या जागी ओ पडला होता. नंतर बार रूममध्ये मी विचारलं, काका, तुम्हाला हे कुणी सांगितलं? नात पुण्याला इंजिनिअरिंगला आहे म्हणाले, तिच्याकडून दोन रविवार फोनवर शिकून घेतलं.

दुरुस्त प्रमाणपत्र पुढच्या तारखेला घ्यायला कोर्टानं परवानगी दिली, पाचशे रुपये खर्चासह. आधार कुठला? जालन्याचाच. पाचशे मी भरले, मामांना सांगितलं नाही.

व्हिडिओ कॉन्फरन्सवर फार लिहीत नाही, सगळ्यांनी लिहून झालंय. साक्ष पडद्यावरून घेता येते हे सुप्रीम कोर्टानं २००३ मध्येच महाराष्ट्राच्या एका खटल्यात मान्य केलं होतं, सवय मात्र करोनानं लावली. इथून खंडपीठ दोनशेहून जास्त किलोमीटर. ते १९८१ ला सुरू झालं त्याआधी लोक मुंबईला जात, आणि १९५६ च्या आधी हैदराबादला. दोन मिनिटांच्या तारखेसाठी रात्रीच्या एसटीनं जाणं वाचलं, याचं मोल शहरातल्यांना कळणार नाही. लाइट गेली की मी हायकोर्टातून नाहीसा होतो, एवढीच अडचण.

तर परत १३५८ कडं. त्या प्रकरणातला मुख्य कागद उर्दू आहे, शिकस्ता लिपीत, घाईघाईत ओढलेला. एआयनं त्यातले आकडे तेवढे उचलले आणि बाकीचा अंदाज मारला. गावाचं नाव त्यात नीट लिहिलंय, पण तालुका 'मोमिनाबाद' आहे, कारण निजामाच्या काळात अंबाजोगाईचं नाव तेच होतं. एआयनं निष्कर्ष काढला की हा कागद दुसऱ्याच ठिकाणचा असून प्रकरणाशी संबंधित दिसत नाही. म्हणजे ज्या कागदावर दावा उभा आहे तोच बाजूला काढून ठेवला, आणि तेही नम्र भाषेत.

सुप्रीम कोर्टाचं 'सुवास' नावाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर २०१९ पासून आहे, निकाल मराठीत येतात, चांगलं आहे. 'लीव्ह ग्रँटेड'चं, म्हणजे अपिलाला परवानगी दिल्याचं, 'रजा मंजूर' झाल्याचा किस्सा वकिलांत फिरत असतो, हसून सोडून देऊ. पण 'मुंतखब'चं काय करणार? इनामाच्या चौकशीनंतरचा निजामी निर्णय म्हणजे मुंतखब, हे ज्याला माहीत नाही तो आमच्या भागातल्या इनामी जमिनीला हात लावू शकत नाही. शिकमी, मदद-माश, खासरा पत्रक, वसलेबाकी. हे शब्द आमच्या कोर्टात रोज येतात. त्यांच्यावर मराठीत एखादा धड प्रबंध मला दाखवा. लॉ कॉलेजांत एलएलएमची पोरं सायबर गुन्हे, डेटा संरक्षण आणि एआय यावर प्रबंध लिहितात, एकमेकांचेच संदर्भ देत. विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावर तहसीलमध्ये कापडात बांधलेली गाठोडी वाळवी खातेय. मी गेल्या वर्षी एका कॉलेजात हे बोललो, तर एका प्राध्यापकांनी विचारलं, "ह्याला स्कोप आहे का?"

म्हणून आता मी आणि ज्युनियर शनिवारी दुपारी चाचांकडं जातो. चाचा आमच्या जुन्या मुन्शीचे वडील, वय त्यांचं त्यांनाही नक्की माहीत नाही, कागदावर एक आणि तोंडी एक. शिकस्ता ते वर्तमानपत्रासारखं वाचतात. ज्युनियर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करतो आणि एक्सेलमध्ये चार रकाने भरतो: शब्द, अर्थ, कुठल्या कागदात आला, कुणी सांगितला. चौथा रकाना त्यानं स्वतःहून घातला, मी सांगितलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी चाचांनी आमचा कागद डोळ्यांजवळ धरला, साल वाचलं, आणि ज्युनियरनं त्यांना बहामनीचा किस्सा सांगितला. चाचा हसले नाहीत. "मशीन को क्या मालूम," म्हणाले, "उस साल मेरे अब्बा पटवारी थे." मग बराच वेळ त्या सहीकडं बघत बसले. सही अब्बांची नव्हती, पण ज्याची होती त्याला ते ओळखत होते. मी पटकन वही काढली. जुन्या कागदावरची सही ओळखणारा माणूस जिवंत आहे, आणि पुढच्या तारखेला त्यांना पिंजऱ्यात आणायचं म्हणजे गाडी करावी लागणार, जिने चढवावे लागणार.

त्रेचाळीस शब्द झालेत. 'शिकमी'वर गाडी अडलीय. चाचा म्हणतात अर्थ एक, माझे साहेब आयुष्यभर सांगायचे दुसरा. ज्युनियर म्हणाला, सर, एआयला विचारू का? चाचा तेव्हा नमाजला उठले होते. आले की त्यांनाच पुन्हा विचारू म्हटलं.